हरित रेषा (निकोसिया)

हरित रेषा ही पूर्व भूमध्य समुद्रातील सायप्रस ह्या द्वीपराष्ट्राची राजधानी निकोसिया (ग्रीक: लेफ्कोसिया, तुर्की: लेफ्कोशा) ह्या शहराचे उत्तर व दक्षिण असे दोन भाग करणारी युद्धविराम रेषा आहे. रेषेच्या दक्षिणेकडील भाग सायप्रस प्रजासत्ताकाच्या ताब्यात असून तेथे प्रामुख्याने ग्रीक भाषिक ऑर्थोडॉक्स ख्रिश्चन समाजाची वस्ती आहे. उत्तरेकडील भागात तुर्की भाषिक मुस्लिम समाज राहतो. हा भाग केवळ तुर्कस्तानने मान्यता दिलेल्या 'उत्तर सायप्रसचे तुर्की प्रजासत्ताक' ह्या राजवटीच्या प्रशासनाखाली आहे. दोन्ही भागांच्या मधला पट्टा संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेच्या देखरेखीखाली असून तो बफर क्षेत्र म्हणून ओळखला जातो.

रेषा प्रथम डिसेंबर १९६३ मध्ये आखली गेली आणि १९७४ च्या युद्धानंतर ती संपूर्ण बेटावर पसरली. १९७४ ते २००३ ह्या काळात सर्वसामान्य नागरिकांना ती ओलांडणे जवळजवळ अशक्य होते. २३ एप्रिल २००३ पासून ठरावीक नाक्यांवरून ओळखपत्र दाखवून पलीकडे जाता येते. बर्लिनची भिंत पडल्यानंतर निकोसियाचे वर्णन अनेकदा 'जगातील अखेरची विभाजित राजधानी' असे केले जाते.

## नाव

३० डिसेंबर १९६३ रोजी ब्रिटिश सैन्याचे मेजर जनरल पीटर यंग यांनी शहराच्या नकाशावर हिरव्या रंगाच्या पेन्सिलीने दोन समाजांच्या वस्त्यांमधील सीमा आखली. त्या पेन्सिलीच्या रंगावरून 'हरित रेषा' हे नाव रूढ झाले.

रेषेसाठी स्थानिक भाषांत वापरले जाणारे शब्द दोन्ही समाजांची भूमिका स्पष्ट करतात. ग्रीक सायप्रियट नागरिक तिला 'सीमा' म्हणणे टाळतात, कारण तसे म्हणणे म्हणजे दोन देशांचे अस्तित्व मान्य करणे, अशी त्यांची धारणा आहे. नाक्यासाठी ते 'ओदोफ्राग्मा' म्हणजे 'रस्त्यावरील अडथळा' हा शब्द वापरतात आणि उत्तर भागाचा उल्लेख 'व्यापलेला प्रदेश' असा करतात. तुर्की सायप्रियट नागरिक नाक्याला 'कापी' म्हणजे 'दार' म्हणतात, तर पलीकडच्या भागाला नुसते 'दक्षिण' म्हणतात.

## पार्श्वभूमी

### कोटाच्या आतील शहर

निकोसिया हे मेसाओरिया मैदानात पेदिओस नदीच्या काठी वसलेले शहर आहे. किनाऱ्यावरील नगरांवर होणाऱ्या हल्ल्यांमुळे मध्ययुगात बेटाची राजधानी येथे, समुद्रापासून दूर, स्थिरावली. ११९१ मध्ये इंग्लंडचा राजा पहिला रिचर्ड याने सायप्रस जिंकले. पुढील वर्षी ते फ्रेंच वंशाच्या लुसिन्यान घराण्याकडे गेले व सुमारे तीन शतके त्यांच्याकडे राहिले. १४८९ मध्ये बेट व्हेनिसच्या ताब्यात आले.

ओस्मानी आक्रमणाच्या भीतीने व्हेनिसच्या राज्यकर्त्यांनी १५६७ मध्ये शहराभोवती नवा वर्तुळाकार कोट बांधण्यास सुरुवात केली. ह्या कोटाला ११ बुरूज व ३ वेशी आहेत: पूर्वेस फामागुस्ता वेस, उत्तरेस किरेनिया वेस आणि पश्चिमेस पाफोस वेस. कोट बांधताना शहराच्या मधून वाहणाऱ्या पेदिओस नदीचा प्रवाह बाहेर वळवण्यात आला. नदीच्या जुन्या पात्रावर पुढे हर्मीस रस्ता तयार झाला आणि तो शहराची मुख्य बाजारपेठ बनला. चार शतकांनंतर हरित रेषा जुन्या शहरातून बऱ्याच अंशी ह्याच मार्गाने गेली.

९ सप्टेंबर १५७० रोजी ओस्मानी सैन्याने शहर जिंकले. त्यानंतर तुर्की भाषिक मुस्लिम समाज बेटावर स्थायिक झाला. ओस्मानी राजवटीत दोन्ही समाजांचे मोहल्ले वेगवेगळे असले तरी ते एकमेकांना लागून होते. अनेक वस्त्या मिश्र होत्या आणि बाजारपेठ सर्वांची एकच होती.

### ब्रिटिश काळ व स्वातंत्र्य

१८७८ मध्ये सायप्रसचा कारभार ब्रिटनकडे आला व १९२५ मध्ये बेट अधिकृतपणे ब्रिटिश वसाहत झाले. विसाव्या शतकात ग्रीक सायप्रियटांमध्ये 'एनोसिस' म्हणजे ग्रीसमध्ये विलीनीकरणाची मागणी जोर धरू लागली. १९५५ पासून 'इओका' ह्या सशस्त्र संघटनेने ब्रिटिशांविरुद्ध लढा पुकारला. तुर्की सायप्रियट नेतृत्वाने ह्याला उत्तर म्हणून 'तक्सिम' म्हणजे फाळणीची मागणी पुढे केली. १९५६ व १९५८ मध्ये निकोसियात दोन्ही समाजांमध्ये दंगली उसळल्या. ब्रिटिश सैनिकांनी जुन्या शहरात काटेरी तारांचे अडथळे उभारले. १९६३ च्या रेषेची ही पूर्वतयारीच ठरली.

१६ ऑगस्ट १९६० रोजी सायप्रस स्वतंत्र झाला. ग्रीस, तुर्कस्तान व ब्रिटन हे त्याचे हमीदार देश होते. राज्यघटनेनुसार राष्ट्राध्यक्ष ग्रीक सायप्रियट व उपराष्ट्राध्यक्ष तुर्की सायप्रियट असे सत्तेचे वाटप झाले. आर्चबिशप तिसरे माकारिओस पहिले राष्ट्राध्यक्ष व फाझिल कुचुक पहिले उपराष्ट्राध्यक्ष झाले. मोठ्या शहरांत दोन्ही समाजांच्या स्वतंत्र नगरपालिका असाव्यात की नाही, हा ह्या काळातील प्रमुख वादांपैकी एक होता.

## विभागणी

### १९६३

नोव्हेंबर १९६३ मध्ये माकारिओस यांनी राज्यघटनेत १३ दुरुस्त्या सुचवल्या. त्या तुर्की सायप्रियटांचे घटनात्मक संरक्षण कमी करणाऱ्या होत्या व तुर्कस्तानने त्या फेटाळल्या. २१ डिसेंबरच्या पहाटे निकोसियात झालेल्या गोळीबारातून हिंसाचार भडकला व काही दिवसांत तो बेटभर पसरला. ह्या काळात सुमारे २५,००० तुर्की सायप्रियटांनी आपली गावे सोडून बंदिस्त वस्त्यांमध्ये आश्रय घेतला. निकोसियाच्या उत्तर भागातील आर्मेनियन समाजालाही आपला मोहल्ला सोडावा लागला. वर्षअखेरीस हरित रेषा आखली गेली. ४ मार्च १९६४ रोजी सुरक्षा परिषदेच्या ठराव क्र. १८६ अन्वये संयुक्त राष्ट्रांची शांतिसेना स्थापन झाली. तिची सुरुवातीची मुदत केवळ ३ महिन्यांची होती, मात्र ती तेव्हापासून सतत वाढवण्यात आली आहे.

### १९७४

१५ जुलै १९७४ रोजी ग्रीसमधील लष्करी राजवटीच्या पाठिंब्याने माकारिओस यांच्याविरुद्ध बंड झाले. २० जुलै रोजी तुर्कस्तानने बेटाच्या उत्तर किनाऱ्यावर सैन्य उतरवले. १६ ऑगस्टला युद्धविराम झाला तेव्हा बेटाचा एक तृतीयांशाहून अधिक भाग तुर्की सैन्याच्या ताब्यात होता. दीड लाखांहून अधिक ग्रीक सायप्रियट दक्षिणेकडे विस्थापित झाले, तर सुमारे ४० ते ५० हजार तुर्की सायप्रियट उत्तरेकडे गेले. १५ नोव्हेंबर १९८३ रोजी उत्तरेत स्वतंत्र राज्याची घोषणा करण्यात आली. सुरक्षा परिषदेने ठराव क्र. ५४१ अन्वये ती बेकायदेशीर ठरवली.

## बफर क्षेत्र

संपूर्ण बेटावर बफर क्षेत्राची लांबी सुमारे १८० किमी आहे. ग्रामीण भागात त्याची रुंदी ७ किमीहून अधिक भरते, तर जुन्या निकोसियात काही ठिकाणी ती जेमतेम एका गल्लीएवढी आहे. कोटाच्या ११ बुरुजांपैकी ५ दक्षिणेकडे व ५ उत्तरेकडे असून फ्लात्रो हा एक बुरूज बफर क्षेत्रात आहे. पाफोस वेशीजवळील रोक्कास बुरुजापाशी दोन्ही बाजूंमध्ये केवळ एक कुंपण आहे. रेषा बंद असतानाच्या काळात ह्या कुंपणातून पलीकडचा भाग जवळून पाहता येत असे.

जुन्या शहरात रेषेवर वाळूची पोती, तेलाची रिकामी पिंपे, काँक्रीटचे ठोकळे व विटांच्या भिंती यांनी रस्ते अडवलेले आहेत. आतील इमारती १९७४ पासून, तर काही १९६३ पासून ओस पडल्या आहेत. हर्मीस रस्त्यावरील दुकानांच्या पाट्या, फर्निचर व माल अनेक वर्षे जागच्या जागी राहिला. युद्धापूर्वी नुकत्याच आयात झालेल्या टोयोटा मोटारी तळघरात तशाच पडून आहेत. शहराच्या पश्चिमेचा निकोसिया आंतरराष्ट्रीय विमानतळही १९७४ पासून बंद असून त्याच्या धावपट्टीजवळ सायप्रस एअरवेजचे एक ट्रायडेंट विमान मोडकळीस आलेल्या अवस्थेत उभे आहे.

## तपासणी नाके

निकोसिया शहरात व लगत तीन नाके आहेत.

* लेद्रा पॅलेस: पाफोस वेशीच्या पश्चिमेस. १९४९ मध्ये सुरू झालेल्या व एके काळी शहरातील सर्वांत प्रतिष्ठित गणल्या जाणाऱ्या हॉटेलाच्या नावावरून हा नाका ओळखला जातो. १९७४ नंतर ते हॉटेल शांतिसेनेच्या ताब्यात गेले. २००३ पूर्वी मुत्सद्दी, संयुक्त राष्ट्रांचे कर्मचारी व परवानगी मिळालेले परदेशी पर्यटक येथूनच ये-जा करत. दक्षिणेतून गेलेल्या पर्यटकांना संध्याकाळपूर्वी परतावे लागे. हा नाका प्रामुख्याने पादचाऱ्यांसाठी आहे.
* लेद्रा रस्ता (लोकमाजी): जुन्या शहराच्या मध्यभागी, फक्त पादचाऱ्यांसाठी. तुर्की नाव 'लोकमा' ह्या पाकात बुडवलेल्या गोड पदार्थाच्या विक्रेत्यावरून पडले आहे. येथील अडथळे २००७ मध्ये पाडण्यात आले व ३ एप्रिल २००८ रोजी नाका खुला झाला.
* आयिओस दोमेतिओस (मेतेहान): शहराच्या पश्चिमेस, वाहनांसाठी सर्वाधिक वापरला जाणारा नाका.

### २००३ मधील खुलेपणा

२३ एप्रिल २००३ रोजी उत्तरेकडील प्रशासनाने लेद्रा पॅलेस येथील निर्बंध अनपेक्षितपणे शिथिल केले. पहिल्याच दिवसापासून दोन्ही बाजूंना लांबच लांब रांगा लागल्या. पहिल्या काही आठवड्यांत लाखो वेळा रेषा ओलांडली गेली. ह्यांपैकी बहुसंख्य लोक पर्यटनासाठी नव्हे, तर २९ किंवा त्याहून अधिक वर्षांपूर्वी सोडलेले घर पाहण्यासाठी जात होते.

ह्या भेटींचे वर्णन दोन्ही बाजूंच्या वृत्तपत्रांत, संशोधनात व माहितीपटांत विपुल आढळते. जुने मालक दारात उभे राहत आणि आत राहणारे कुटुंब, जे बहुधा स्वतःही विस्थापित होते, त्यांना घरात बोलावून कॉफी देत असे. काही ठिकाणी नव्या रहिवाशांनी जपून ठेवलेली लग्नाची छायाचित्रे किंवा भांडी परत केली. परतताना अनेकांनी अंगणातील माती किंवा झाडाची फळे सोबत नेली. काही ठिकाणी दार उघडले गेले नाही, तर काही ठिकाणी घरच उरले नव्हते. अनेक ग्रीक सायप्रियटांनी मात्र पलीकडे जाण्यास नकार दिला. स्वतःच्याच देशात वावरण्यासाठी ओळखपत्र दाखवणे म्हणजे विभागणी मान्य करणे होय, अशी त्यांची भूमिका होती. आजही काही नागरिक ह्या कारणास्तव उत्तरेत गेलेले नाहीत.

### ओलांडण्याची पद्धत

नाक्यावर दोन्ही बाजूंचे पोलीस स्वतंत्रपणे ओळखपत्र किंवा पासपोर्ट तपासतात. पूर्वी उत्तरेकडे प्रवेश करताना एका वेगळ्या कागदावर शिक्का मारून घ्यावा लागे. २०१५ मध्ये हा कागद भरण्याची अट रद्द झाली व आता नोंद संगणकावर होते. सायप्रस प्रजासत्ताकाने जारी केलेला मोटार विमा उत्तरेत लागू होत नसल्याने वाहनधारकांना नाक्यावर वेगळा विमा घ्यावा लागतो. सैनिकी चौक्या व बफर क्षेत्रातील ठाण्यांची छायाचित्रे घेण्यास मनाई आहे.

सायप्रस प्रजासत्ताक उत्तरेतील विमानतळ व बंदरे अधिकृत प्रवेशद्वारे मानत नाही. दक्षिणेतून उत्तरेत जाणारा प्रवासी व थेट उत्तरेत उतरून दक्षिणेत येऊ पाहणारा प्रवासी यांची कायदेशीर स्थिती त्यामुळे भिन्न असते. १ मे २००४ रोजी संपूर्ण बेट युरोपीय संघाचा भाग झाले, तरी उत्तर भागात संघाचे कायदे स्थगित आहेत. त्यामुळे रेषेवरून होणारी माणसांची व मालाची ने-आण युरोपीय संघाच्या वेगळ्या नियमावलीनुसार चालते.

सर्वांना सारखा प्रवेश नाही. सायप्रस प्रजासत्ताकाचे नागरिकत्व सिद्ध करू शकणारे तुर्की सायप्रियट युरोपीय पासपोर्ट मिळवू शकतात आणि त्यांच्यापैकी हजारो जण दक्षिणेत कामाला जातात. १९७४ नंतर तुर्कस्तानातून येऊन उत्तरेत स्थायिक झालेल्यांना मात्र सामान्यतः दक्षिणेत येऊ दिले जात नाही. एक पालक तुर्की सायप्रियट व दुसरा तुर्कस्तानचा अशा कुटुंबांतील अनेक मुलांच्या नागरिकत्वाचा प्रश्न त्यामुळे प्रलंबित असून तो दोन्ही बाजूंच्या चर्चेतील वादाचा मुद्दा आहे.

## दोन्ही बाजूंची संस्कृती

लेद्रा रस्त्यावरून पलीकडे जाताना काही मिनिटांत भाषा, लिपी, चलन, ध्वज व प्रार्थनास्थळे बदलतात. दक्षिणेत ग्रीक भाषा व लिपी असून १ जानेवारी २००८ पासून युरो हे चलन आहे. उत्तरेत लॅटिन लिपीतील तुर्की भाषा व तुर्की लिरा प्रचलित आहे. २०१६–१७ च्या हिवाळ्यात उत्तरेने तुर्कस्तानप्रमाणे घड्याळे मागे न घेतल्याने एकाच शहराच्या दोन भागांत एका तासाचा फरक पडला होता. पुढील हिवाळ्यात तो दूर झाला. लिराचे मूल्य घसरल्यावर दक्षिणेतील अनेक रहिवासी पेट्रोल व किराणा खरेदीसाठी उत्तरेत जाऊ लागले.

ह्या भेदांखाली साम्याचे अनेक दुवे आहेत. दोन्हीकडे वाहने डाव्या बाजूने चालतात व विजेच्या खटक्यांना तीन चौकोनी पिनांचे प्लग बसतात. हा ब्रिटिश राजवटीचा वारसा आहे. दोन्ही समाजांच्या बोलीभाषा अथेन्स व इस्तंबूल येथील प्रमाणभाषांहून बऱ्याच वेगळ्या आहेत आणि त्यांच्यात अनेक शब्द सामायिक आहेत. कॉफीच्या दुकानांत फाशांचा 'ताव्ली' (तुर्की: 'ताव्ला') हा पटावरील खेळ दोन्हीकडे खेळला जातो. शहरातून उत्तरेस दिसणाऱ्या डोंगररांगेला ग्रीक भाषेत 'पेंतादाक्तिलोस' व तुर्कीत 'बेशपारमाक' म्हणतात. दोन्हींचा अर्थ 'पाच बोटे' असाच आहे. ह्याच डोंगराच्या दक्षिण उतारावर उत्तरेकडील राजवटीचा प्रचंड ध्वज रंगवलेला असून तो दक्षिण निकोसियातून स्पष्ट दिसतो. ग्रीक सायप्रियट समाज त्याला डिवचण्याचा प्रकार मानतो.

### खाद्यपदार्थ

लहान भांड्यात उकळून गाळासह दिली जाणारी कॉफी दोन्ही बाजूंना एकाच पद्धतीने करतात. १९७४ पूर्वी तिला दक्षिणेतही सर्रास तुर्की कॉफी म्हणत. त्यानंतर तेथे ती 'ग्रीक' किंवा 'सायप्रस' कॉफी झाली. साखरेचे प्रमाण सांगण्यासाठी ग्रीकमध्ये 'स्केतो', 'मेत्रिओ', 'ग्लिको' व तुर्कीत 'साडे', 'ओर्ता', 'शेकेरली' असे म्हणतात. ह्यांपैकी 'साडे' हा फारसीतून आलेला शब्द मराठीतील 'साधा' ह्या अर्थानेच वापरला जातो.

शेळी-मेंढीच्या दुधाचे, तव्यावर भाजले तरी न वितळणारे चीज ग्रीकमध्ये 'हालूमी' व तुर्कीत 'हेलिम' म्हणून ओळखले जाते. २०२१ मध्ये युरोपीय संघाने त्याला दोन्ही नावांनी भौगोलिक संरक्षण दिले. मसालेदार खिम्याचे, निखाऱ्यावर भाजलेले 'शेफ्ताली' कबाबही दोन्हीकडे लोकप्रिय आहेत.

## प्रेक्षणीय स्थळे

### दक्षिण भाग

* लेद्रा रस्ता: दुकाने व उपाहारगृहांचा पादचारी मार्ग. दक्षिणेकडे तो एलेफ्थेरिया चौकात उघडतो. ह्या चौकाची व कोटाच्या खंदकाची पुनर्रचना वास्तुरचनाकार झाहा हदीद यांच्या संस्थेच्या आराखड्यानुसार झाली आहे.
* फामागुस्ता वेस: व्हेनिसच्या काळातील सर्वांत मोठी वेस, आता सांस्कृतिक केंद्र.
* ओमेरिये मशीद व हमाम: ही मशीद मूळचे ऑगस्टिनियन पंथाचे चर्च होती. ती आजही दक्षिणेतील मुस्लिमांच्या नमाजासाठी खुली आहे.
* सायप्रस संग्रहालय: बेटाच्या नवाश्मयुगापासूनच्या पुरावशेषांचा सर्वांत मोठा संग्रह.

### उत्तर भाग

* सेलिमिये मशीद: १२०९ मध्ये बांधकाम सुरू झालेले सेंट सोफियाचे गॉथिक कॅथेड्रल. येथे लुसिन्यान राजांचा सायप्रसचे राजे म्हणून राज्याभिषेक होत असे. १५७० मध्ये त्याचे मशिदीत रूपांतर झाले व मिनार बांधण्यात आले.
* बुयुक हान: १५७२ मध्ये बांधलेली दुमजली सराय. मधल्या चौकात खांबांवर उभारलेली लहान मशीद आहे. ब्रिटिश काळात तिचा तुरुंग म्हणून वापर झाला. आता तेथे हस्तकलेची दुकाने व कॉफीगृहे असून ती दोन्ही समाजांतील नागरिकांची भेटण्याची जागा बनली आहे.
* अरब अहमत मोहल्ला: जुन्या वाड्यांसाठी प्रसिद्ध. येथील आर्मेनियन चर्चच्या जीर्णोद्धारास २०१५ चा युरोपा नोस्त्रा पुरस्कार मिळाला.

## सामायिक व्यवस्था

जमिनीवर विभागलेल्या शहराची सांडपाण्याची व्यवस्था जमिनीखाली विभागता येण्यासारखी नव्हती. शहराचा नैसर्गिक उतार लक्षात घेता दक्षिणेचे सांडपाणी उत्तरेतील शुद्धीकरण केंद्राकडे नेणे आवश्यक होते. १९७० च्या दशकाच्या अखेरीस दक्षिणेचे महापौर लेलोस दिमित्रियादिस व उत्तरेचे मुस्तफा अकिंजी यांनी, राजकीय मान्यतेचा प्रश्न बाजूला ठेवून, ह्या कामी सहकार्य करण्याचे ठरवले. ह्यातूनच दोन्ही भागांसाठी एकत्रित 'निकोसिया मास्टर प्लॅन' तयार झाला. त्यात शहर पुन्हा एक झाल्यास रस्ते व सेवा जोडता याव्यात ह्याचाही विचार करण्यात आला. कोटाच्या आतील शहराच्या पुनरुज्जीवनास २००७ मध्ये आगा खान वास्तुकला पुरस्कार मिळाला. अकिंजी पुढे २०१५ ते २०२० ह्या काळात तुर्की सायप्रियट समाजाचे नेते होते.

लेद्रा पॅलेससमोर, बफर क्षेत्रातच, २०११ मध्ये 'सहकार्य भवन' सुरू झाले. येथे दोन्ही समाजांतील तरुणांसाठी भाषावर्ग, कार्यशाळा व संगीताचे कार्यक्रम होतात. २००८ मध्ये स्थापन झालेली सांस्कृतिक वारशाची संयुक्त तांत्रिक समिती दोन्हीकडील चर्च, मशिदी व इतर वास्तूंच्या दुरुस्तीचे काम करते.

## बेपत्ता व्यक्ती व मालमत्ता

१९६३–६४ व १९७४ मधील हिंसाचारात बेपत्ता झालेल्यांच्या अधिकृत यादीत २,००२ नावे असून त्यांपैकी १,५१० ग्रीक सायप्रियट व ४९२ तुर्की सायप्रियट आहेत. त्यांच्या शोधासाठी १९८१ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सहभागाने बेपत्ता व्यक्ती समिती स्थापन झाली. तिची मानवशास्त्रीय प्रयोगशाळा जुन्या विमानतळाच्या परिसरात असून तेथे दोन्ही समाजांतील शास्त्रज्ञ एकत्र काम करतात. ओळख पटलेले अवशेष कुटुंबांना अंत्यविधीसाठी सोपवले जातात. मृत्यूला कोण जबाबदार होते हे ठरवणे समितीच्या अधिकारकक्षेत नाही. त्यामुळे साक्षीदार माहिती देण्यास पुढे येतात, तर अनेक कुटुंबांना न्याय अपुरा राहिल्याची खंत वाटते. काळ लोटत चालल्याने दफनस्थळांची माहिती असलेल्या व्यक्ती कमी होत आहेत आणि नवी बांधकामे शोधकार्यात अडथळा ठरत आहेत.

विस्थापितांनी मागे सोडलेली घरे व जमिनी हा वाटाघाटींतील सर्वांत कठीण प्रश्नांपैकी एक मानला जातो. १९९६ मध्ये युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने 'लोइझिदू विरुद्ध तुर्कस्तान' खटल्यात, उत्तरेतील आपल्या जमिनीपर्यंत पोहोचू न देणे हे मूळ मालकाच्या हक्काचे उल्लंघन असल्याचा निर्णय दिला. त्यानंतर उत्तरेत मालमत्ताविषयक आयोग स्थापन झाला. तो परतावा, अदलाबदल किंवा भरपाई देऊ शकतो.

## भारताशी संबंध

सायप्रसमधील शांतिसेनेचे नेतृत्व तीन भारतीय सेनाधिकाऱ्यांनी केले आहे. लेफ्टनंट जनरल प्रेमसिंग ग्यानी हे १९६४ मध्ये तिचे पहिले सेनापती होते. जनरल कोदंडेरा सुबय्या थिमय्या यांनी त्याच वर्षी हे पद स्वीकारले व १८ डिसेंबर १९६५ रोजी पदावर असतानाच सायप्रसमध्ये त्यांचे निधन झाले. सायप्रसने १९६६ मध्ये त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले. लेफ्टनंट जनरल दिवाण प्रेम चंद हे १९७४ च्या युद्धकाळात सेनापती होते. निकोसिया विमानतळ दोन्ही सैन्यांच्या हाती न जाता संयुक्त राष्ट्रांचे संरक्षित क्षेत्र बनले, ते त्यांच्याच कार्यकाळात. दक्षिण निकोसियात संसद भवनाजवळील एका रस्त्याला जवाहरलाल नेहरू यांचे नाव आहे.

## साहित्य व चित्रपट

निकोसियात वाढलेल्या तुर्की सायप्रियट कवयित्री नेशे याशिन यांची विभागलेल्या मातृभूमीवरील एक कविता ग्रीक सायप्रियट संगीतकार मारिओस तोकास यांनी स्वरबद्ध केली. ती दोन्ही बाजूंना गायली जाते. मारिओस पिपेरिदिस दिग्दर्शित 'स्मगलिंग हेंड्रिक्स' (२०१८) ह्या चित्रपटात एका ग्रीक सायप्रियट संगीतकाराचा कुत्रा रेषा ओलांडून उत्तरेत जातो. प्राण्यांना परत आणण्यास नियमानुसार मनाई असल्याने त्याला दक्षिणेत आणण्याची खटपट हा कथेचा विषय आहे. ह्या चित्रपटास ट्रायबेका महोत्सवात सर्वोत्कृष्ट आंतरराष्ट्रीय कथापटाचा पुरस्कार मिळाला.

## सद्यस्थिती

२४ एप्रिल २००४ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या अन्नान योजनेवर दोन्ही भागांत एकाच दिवशी सार्वमत झाले. सुमारे ६५% तुर्की सायप्रियटांनी ती स्वीकारली, तर सुमारे ७६% ग्रीक सायप्रियटांनी नाकारली. जुलै २०१७ मध्ये स्वित्झर्लंडमधील क्राँ-मोंताना येथील वाटाघाटीही निष्फळ ठरल्या.

कोव्हिड-१९ साथीच्या काळात, २९ फेब्रुवारी २०२० रोजी, सायप्रस प्रजासत्ताकाने लेद्रा रस्त्यासह काही नाके बंद केले. त्याविरोधात दोन्ही बाजूंच्या नागरिकांनी नाक्यावर निदर्शने केली. पुढे सर्वच नाक्यांवरील ये-जा मोठ्या प्रमाणावर थांबली व ती जून २०२१ मध्ये पूर्ववत सुरू झाली. दक्षिणेतील शाळा-नोकरीवर अवलंबून असलेल्या तुर्की सायप्रियट कुटुंबांना ह्या बंदीची सर्वाधिक झळ बसली.

२००३ नंतर जन्मलेल्या पिढीने बंद रेषा पाहिलेली नाही आणि अखंड शहरही पाहिलेले नाही. दोन्ही बाजूंच्या शाळा वेगवेगळ्या असून बहुसंख्य विद्यार्थी परस्परांची भाषा शिकत नाहीत. त्यामुळे नाक्यापलीकडे भेटणारे तरुण बहुधा इंग्रजीत बोलतात. १९७४ पूर्वीच्या मिश्र वस्त्यांत राहिलेल्या वृद्धांपैकी काही जण मात्र अजूनही दोन्ही भाषा जाणतात.